चित्र फुटतंय? पॉवर वाढवण्याआधी सिग्नल मोजा

खानापूर तालुक्यात जूनचा पाऊस धरला की केबलवाल्यांचे फोन थांबत नाहीत. "दादा, चित्र फुटूलालंय की ओ," एवढंच पलीकडून सांगितलं जातं. फोन कणकुंबीचा असो, बेळगावातल्या वडगाव-शहापूरचा असो की निपाणीचा, तक्रारीचे शब्द बदलत नाहीत. पहिला उपायही बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: नोडवर (फायबरमधला उजेड विजेत बदलणाऱ्या गावातल्या डब्यावर) नाहीतर सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर जायचं आणि पॉवर थोडा चढवायचा. कधी चित्र सुधारतं, कधी जैसे थे राहतं, आणि बऱ्याचदा दोन दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त फुटतं. असं का होतं, ते या लेखात सांगायचं आहे. लाइनवर काम करणाऱ्या पोरांसाठी, आणि महिन्याचे पैसे भरणाऱ्या घरांसाठीसुद्धा.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या भागात केबलवर नुसत्या मालिका येत नाहीत. बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ, गणपतीची मिरवणूक, शेजारच्या गावातलं कुस्तीचं मैदान हे सगळं स्थानिक केबल चॅनेलवर दिसतं. छतावरच्या छत्रीवर ते मिळत नाही. ते चॅनेल घरोघर स्वच्छ पोचावं असं वाटत असेल, तर तारेतून काय जातं ते आधी समजून घ्यायला हवं.

फायबरमधून नेमकं काय जातं

हेडएंडवर, म्हणजे केबलच्या मुख्य केंद्रावर, उपग्रहाकडून आलेली चॅनेल्स एकत्र केली जातात. २०१२ साली महानगरांतून डिजिटल केबल सक्तीची व्हायला सुरुवात झाली आणि ३१ मार्च २०१७ ला खेड्यापाड्यांचा शेवटचा टप्पा संपला. तेव्हापासून प्रत्येक कॅरियरमध्ये, म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात, अनेक चॅनेल्स एकत्र बांधून पाठवली जातात. ६४ क्वाम या माहिती चढवायच्या पद्धतीत अशा एका कॅरियरमधून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट माहिती जाते. असे कितीतरी कॅरियर एकमेकांशेजारी बसवून त्यांचा मिळून एक आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) सिग्नल होतो, आणि त्या सिग्नलच्या चढउताराप्रमाणे लेसरचा उजेड कमी-जास्त केला जातो. गावातल्या नोडमध्ये त्या उजेडाची पुन्हा वीज होते, आणि पुढे कोॲक्स वायरने ती घरातल्या सेटटॉप बॉक्सपर्यंत जाते.

इथे एक मोठा गैरसमज आहे. सगळं डिजिटल झालं, तेव्हा फायबरमधून सिग्नल आला तर पूर्ण येणार, नाहीतर येणारच नाही, असं लोक धरून चालतात. इंटरनेटच्या फायबरमध्ये ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे उजेड आहे की नाही एवढंच ओळखायचं असतं. केबल टीव्हीच्या फायबरमध्ये मात्र उजेड सतत चालूच असतो आणि त्याच्या तीव्रतेतले अगदी बारीक चढउतार जसेच्या तसे पलीकडे पोचावे लागतात. माहिती डिजिटल असली तरी ती वाहून नेण्याची रीत जुन्या ॲनालॉगचीच आहे. म्हणूनच इंटरनेटचं यंत्र उणे २५ डीबीएमवरही मजेत चालतं, आणि टीव्हीच्या साध्या नोडला उणे २-३ च्या आसपास उजेड लागतो. "नेट चालतंय, मग टीव्ही का नाही?" या रोजच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तार ठीक आहे आणि उजेडही येतो आहे, पण टीव्हीला पुरेल एवढा स्वच्छ येत नाही.

डीबीएम हे उजेडाच्या ताकदीचं माप, आणि डीबी (डेसिबल) हे वाढ-घटीचं. गणित अवघड नाही. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. तीन डीबी कमी झालं की उजेड निम्मा, दहा डीबी कमी झालं की दहावा हिस्सा. उणे ३ म्हणजे अर्धा मिलिवॅट. एवढं पाठ असलं की पॉवर मीटरवरचा आकडा बोलायला लागतो.

उजेड एक डीबी घटला की सिग्नल दोन डीबी घटतो

लाइनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात पक्की करावी असं मला वाटतं. नोडमधल्या फोटोडायोडमध्ये उजेडाच्या प्रमाणात विजेचा प्रवाह तयार होतो, पण आरएफची शक्ती त्या प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. उजेड निम्मा झाला तर आरएफ निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणजे वाटेत कुठे १ डीबी उजेड सांडला, तर नोडच्या पुढे २ डीबी सिग्नल गेला. "एका डीबीने काय होतंय" म्हणून जो खराब जोड सोडून दिला जातो, तो घरापर्यंत दुप्पट होऊन पोचतो.

मग गेलेले २ डीबी ॲम्प्लिफायरने भरून काढले तर? इथेच गाडी रुळावरून घसरते. ॲम्प्लिफायरला सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. पारायणाच्या मंडपात माइकच्या वायरमध्येच घरघर असेल, तर आवाज मोठा केल्यावर महाराजांचा आवाज वाढतो तशी घरघरही वाढते. नोडमध्ये कमी उजेड आला की रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट आहे तेवढाच राहतो आणि सिग्नल त्याच्या जवळ खाली येतो. हे कमी झालेलं अंतर पुढे कोणतंही यंत्र परत वाढवू शकत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. उजेड शून्य डीबीएमच्या वर चढवत नेला तर फायदा हळूहळू थांबतो. तिथे मुख्य गोंगाट लेसरचा असतो आणि वाटेतल्या प्रकाश-ॲम्प्लिफायरचा. तो उजेडाबरोबरच येतो, त्यामुळे उजेड वाढला तरी सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर वाढत नाही. त्याहून पुढे गेलं की रिसीव्हरवर जास्त भार पडतो, कॅरियर एकमेकांत मिसळायला लागतात आणि चित्र पुन्हा बिघडतं. थोडक्यात, नोडला हवा असलेला उजेड एका अरुंद पट्ट्यात असतो.

अलीकडच्या नोडमध्ये एजीसी असतो, म्हणजे उजेड कमी-जास्त झाला तरी बाहेरचा सिग्नल आपोआप सारखा ठेवणारी सोय. सोय चांगलीच आहे, पण ती रोगही झाकते. उजेड ४ डीबीने पडलेला असतो आणि नोडच्या बाहेर लेव्हल (सिग्नलची ताकद) मोजणारा मीटर नेहमीचाच आकडा दाखवत असतो. लेव्हल बरोबर आणि चित्र फुटलेलं, अशी कोड्यात टाकणारी तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

म्हणून लेव्हलबरोबर एमईआर पाहायला हवा. ६४ क्वाममध्ये सिग्नल ६४ ठरावीक ठिकाणांपैकी एका ठिकाणी यायचा असतो. तो आपल्या ठिकाणापासून किती भरकटला आहे, हे एमईआर सांगतो. आकडा जितका मोठा तितका सिग्नल स्वच्छ. ६४ क्वामचं चित्र साधारण २३-२४ डीबीला कोसळतं, २५६ क्वामला साधारण २९-३० च्या वरच राहावं लागतं. मधल्या काळात चुकलेले बाइट दुरुस्त करणारी व्यवस्था काम करत असते: २०४ बाइटच्या प्रत्येक पाकिटात ८ पर्यंत चुका ती सुधारते. त्यामुळे ३५ एमईआरचं चित्र आणि २६ एमईआरचं चित्र डोळ्यांना सारखंच दिसतं. काल रात्री सुरेख होतं आणि आज सकाळी फुटलं, याचं कारण आजचं नसतं. गेल्या वर्षभरात शिल्लक खर्ची पडत गेली आणि आज ती संपली, एवढंच.

बेळगाव ते खानापूर: उजेडाचा हिशेब

१९६६ साली चार्ल्स काव यांनी दाखवून दिलं की काचेत उजेड मरतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धीमुळे. किलोमीटरला २० डीबीपर्यंत नुकसान आणता आलं तरी काम होईल, असं तेव्हाचं उद्दिष्ट होतं. २० डीबी म्हणजे एका किलोमीटरमध्ये ९९ टक्के उजेड नाहीसा. काव यांना या कामासाठी २००९ चं नोबेल मिळालं. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाचं नुकसान किलोमीटरला ०.२० ते ०.२५ डीबी, म्हणजे जेमतेम पाच टक्के असतं. १३१० नॅनोमीटरला ते ०.३५ च्या आसपास असतं. लांबच्या लाइनला १५५० वापरतात त्याचं हे एक कारण. दुसरं असं की उजेड वाढवणारा इडीएफए याच पट्ट्यात चालतो.

समजा, हेडएंड बेळगावात आहे आणि खानापुरात आठ नोड चालवायचे आहेत. लाइन २५ किलोमीटर धरू. किलोमीटरला ०.२२ प्रमाणे ५.५ डीबी गेले. दोन-दोन किलोमीटरचे ड्रम जोडले तर बारा जोड, प्रत्येकी ०.०५ प्रमाणे ०.६ डीबी. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३ प्रमाणे १.२ डीबी. खानापुरात एकाचे आठ करणारा स्प्लिटर, १०.५ डीबी. बेरीज १७.८. बेळगावातून १६ डीबीएम, म्हणजे सुमारे ४० मिलिवॅट सोडले, तर प्रत्येक नोडला उणे १.८ मिळेल. कागदावर हे छान दिसतं.

आता याच लाइनवर एक वर्ष जाऊ द्या. रस्त्याचं काम निघतं, जेसीबीचं बकेट केबलवर बसतं. उसाच्या हंगामात वरपर्यंत भरलेली ट्रॉली खाली लोंबणारी केबल ओढून नेते. जंगलाकडच्या भागात फांदी पडते, खार कुरतडते. तार तुटते आणि दोन्ही टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत म्हणून मध्ये तुकडा घातला जातो, म्हणजे एका तुटीला जोड दोन. पावसात, घाईत, बॅटरी उतरलेल्या स्प्लायसिंग मशिनवर केलेला जोड ०.०५ चा होत नाही, ०.१५ चा होतो. अशा पाच तुटींमध्ये १.५ डीबी उजेड जातो आणि नियमाप्रमाणे ३ डीबी सिग्नल. हेडएंडवर कुणी हात लावलेला नसतो, तरी खानापूर अंधूक होत जातं.

मग इडीएफए चढवून २० डीबीएम करायचे का? २५ किलोमीटरच्या एकाच कोअरमध्ये, म्हणजे फायबरच्या एका धाग्यात, एवढा उजेड कोंबला की काचेत ध्वनिलहरी तयार होतात आणि त्या उजेडाचा काही भाग मागे परतवतात. पुढे जाणाऱ्या उजेडात गोंगाट भरतो. याला ब्रिल्वाँ विकिरण म्हणतात. साध्या लेसरला हे साधारण ७ डीबीएमपासूनच भेडसावतं. चांगल्या १५५० ट्रान्समीटरमध्ये ते दाबण्याची सोय असते आणि मर्यादा १६-१७ च्या आसपास जाते. त्यापलीकडे पॉवर चढवला की मीटर खुश होतो आणि एमईआर पडतो. त्यापेक्षा उजेड दोन कोअरमध्ये वाटून न्यावा, किंवा मध्ये दुसरा इडीएफए ठेवावा. मात्र त्या इडीएफएला पुरेसा उजेड मिळाला पाहिजे. फारच कमी दिला तर तो स्वतःचाच गोंगाट वाढवून पुढे ढकलतो.

रस्त्यालगतच्या गावांची गोष्ट थोडी निराळी. बेळगावहून जांबोटीकडे निघालं की किणये, कुसमळी, जांबोटी, पुढे कणकुंबी अशी गावं माळेसारखी लागतात. प्रत्येक गावात समान वाटणीचा स्प्लिटर लावला तर दर गावाला साडेतीन डीबी जातात. तीन गावांत १०.५ डीबी संपले आणि कणकुंबीला काही उरलं नाही. इथे कमी-जास्त वाटणीचा कपलर हवा: किणयेला १० टक्के, पुढच्यांना ९०. या वाटणीत पुढे जाणाऱ्या उजेडाचं नुकसान अर्ध्या-पाऊण डीबीचंच होतं. पुढच्या गावाला जरा मोठा हिस्सा, त्यापुढे आणखी मोठा, आणि शेवटच्याला राहील ते सगळं. कोणता कपलर कुठे, हे शेवटच्या गावापासून मागे मोजत यायचं असतं. कपाटात असेल तो कपलर लावून टाकला तर पहिल्या गावात नोड भाजतो आणि शेवटचं गाव कायम रडत राहतं.

धूळ, निळा-हिरवा आणि वाकलेली तार

फायबरमधला उजेड ज्या गाभ्यातून जातो त्याची जाडी ९ मायक्रॉन असते, आपल्या केसाच्या सात-आठव्या हिश्श्याएवढी. कनेक्टरच्या टोकावर बोटाचा घाम लागला, तंबाखू मळलेल्या हाताची भुकटी बसली, तर तो रस्ताच अडतो. माझं स्पष्ट मत आहे की या धंद्यात यंत्रावर खर्च करण्याआधी साफसफाईवर करावा. धागे न सोडणारा कागद आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा एका दाबात पुसणारं क्लीनर पेन, एवढंच लागतं. शर्टाच्या बाहीला पुसणं म्हणजे नवीन धूळ घासून बसवणं. इडीएफएच्या तोंडावर जिथे पॉवर मोठा असतो, तिथे धूळ जळून कनेक्टरचं टोक कायमचं करपू शकतं. आणि सफाईआधी लेसर बंद करायचा. १५५० चा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे बिघडवतो. टोकात डोकावून "उजेड येतोय का" बघण्याची सवय काही पोरांना असते, ती आजच सोडावी.

रंगाकडेही लक्ष हवं. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे परतणारा उजेड गाभ्याबाहेर जातो. निळ्याचं टोक सरळ असतं. इंटरनेटला निळा चालून जातो, केबल टीव्हीला हिरवाच लागतो, कारण इथे परत फिरलेला उजेड पुन्हा मूळ उजेडात मिसळून गोंगाट करतो. हिरवा आणि निळा एकमेकांत खुपसले की टोकं नीट टेकतच नाहीत. पॉवर तर पडतोच, परतावाही वाढतो, आणि सांभाळून वापरलेली टोकं खराब होतात ती वेगळीच.

वाकलेली तार ओळखणं मात्र अवघड असतं, कारण तुटलेली नसते, जोडही चांगला असतो, फक्त कुठेतरी खांबावर घट्ट आवळलेली किंवा डब्यात कोंबलेली असते. साधं जी-६५२ फायबर ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये. १५५० चा उजेड वळणावर १३१० पेक्षा जास्त गळतो, आणि याचाच उपयोग करून घेता येतो. ओटीडीआरने, म्हणजे तारेत उजेड सोडून दोष कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने, दोन्ही तरंगलांबींवर मोजा. एखाद्या ठिकाणी १५५० ला नुकसान जास्त आणि १३१० ला कमी दिसलं, तर तार तिथे वाकलेली आहे. दोन्हींत सारखंच दिसलं, तर जोड किंवा कचरा शोधा. घाटाकडे पावसाळ्यात फांदीचा भार केबलवर पडतो आणि ऊन पडलं की उतरतो, तेव्हा तक्रार येते-जाते. असा दोष पाऊस चालू असतानाच मोजावा लागतो.

नोडच्या पुढचा भाग

तांब्याच्या वायरबद्दल थोडक्यात. घरापर्यंत येणाऱ्या आरजी-६ या कोॲक्स वायरमध्ये खालच्या फ्रीक्वेन्सीला १०० मीटरला ५ डीबी जातात, तर ८६० मेगाहर्ट्झला सुमारे २०. म्हणून लांबच्या घरात वरची चॅनेल्स आधी फुटतात, आणि उपाय पॉवरचा नसून टिल्ट (वरच्या फ्रीक्वेन्सीला जास्त जोर देणं) बरोबर लावण्याचा असतो. पावसात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कनेक्टर पाणी आत धरून ठेवतो. त्यापेक्षा नीट दाबून बसवलेला, रबरी टोपीचा एफ-कनेक्टर आणि घराआधी पाणी ठिबकून जाईल असा वायरचा वळसा बरा. ढिल्या जोडातून मोबाईलच्या ७००-८०० मेगाहर्ट्झच्या लहरीही आत शिरतात, आणि नेमके त्याच पट्ट्यातले कॅरियर खराब होतात. वळवाच्या विजांपासून वाचायला नोडला आणि ॲम्प्लिफायरला खरं अर्थिंग हवं. फायबर वीज वाहत नाही, पण तिच्याभोवतीची लोखंडी तार वाहते.

हेडएंडवरची एक सवयही सांगायला हवी. नवीन चॅनेल्स आली की नवे कॅरियर चढवले जातात, पण जुन्यांची लेव्हल कमी केली जात नाही. लेसरमध्ये जाणारी एकूण आरएफ शक्ती ठरावीक मर्यादेतच असावी लागते. कॅरियर दुप्पट केले तर प्रत्येकाची लेव्हल ३ डीबी खाली आणावी लागते. नाहीतर चढउताराचं खालचं टोक लेसर कापून टाकतो आणि सगळ्या गावांत एकदम चित्र अडखळतं. सगळ्या नोडवर एकाच वेळी तक्रार आली तर खांबावर चढू नका, आधी हेडएंड बघा.

दोष शोधायची पद्धत सरळ आहे. हेडएंड, इडीएफए, नोड, शेवटचा ॲम्प्लिफायर आणि घर, या क्रमाने तोच कॅरियर घेऊन एमईआर मोजत जा. हेडएंडला ३८, नोडवर ३५, ॲम्प्लिफायरनंतर ३३, घरात ३२ असं हळूहळू उतरलं तर लाइन निरोगी. नोडवर ३५ आणि घरात एकदम २५ असेल तर फायबरला दोष देऊ नका. हेडएंडला ३८ आणि नोडवर २७ असेल तर खालच्या ॲम्प्लिफायरला कितीही पिळलं तरी उपयोग नाही. मे महिन्यात, कोरड्या दिवशी, प्रत्येक नोडचा उजेड आणि एमईआर वहीत लिहून ठेवला, तर जुलैत कशाशी ताडून बघायचं हे माहीत असतं. पॉवर मीटर फार महाग नसतो. ओटीडीआर महाग असतो, पण पाच-सहा गावांच्या केबलवाल्यांनी मिळून एक घेतला तर परवडतो.

आणि घरातल्यांनी फोन करताना "चित्र फुटतंय" याच्यापुढे चार गोष्टी सांगाव्यात. सगळी चॅनेल्स फुटतात की काहीच, आणि कोणती: एकाच कॅरियरमधली चॅनेल्स एकत्र फुटतात, त्यामुळे नंबर सांगितले की केबलवाल्याला निम्मं उत्तर मिळतं. शेजारच्या घरातही तसंच आहे का. पाऊस पडतानाच होतं, की दिवस-रात्र सारखंच. आणि सेटटॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे असतात, ते दोन्ही. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल, तर ते आधी सांगा, म्हणजे येणारा माणूस पॉवर वाढवायचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन न येता मीटर आणि क्लीनर पेन घेऊन येईल.